नवरदेवाच्या गाडीचं फ्लायव्हील

आमच्या गाडीचा क्लच पुन्हा जळला, तेव्हा नाशिकच्या सिडकोतल्या मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवला, आतली प्लेट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “साहेब, ही प्लेट नाही राहिली. पापड झालाय.”

मी ती उलटीसुलटी करून पाहिली. गाडीच्या पोटातली कुठलीही वस्तू हातात दिली की माणसाने ती उलटीसुलटी करून पाहायची असते. त्यातून काही कळत नाही, पण मिस्त्रीला बरं वाटतं.

“घाटात फार चालवता का? वणीला वगैरे?”

“नाही. वरातीत.”

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला. पेशंटने तंबाखूची कबुली दिल्यावर डॉक्टरच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते त्याच्या चेहऱ्यावर आलं.

आमची गाडी पांढरी आहे आणि लांब आहे. एवढाच तिचा गुन्हा. पांढरा रंग मी घेतला तो उन्हात कमी तापते म्हणून, आणि लांब घेतली ती डिकीत सामान मावतं म्हणून. पण निफाडकडच्या आमच्या गावात, जिथे माझी सगळी भावकी द्राक्षबागा सांभाळून आहे, तिथे पांढऱ्या लांब गाडीचा अर्थ एकच होतो. ती नवरदेवाची गाडी. लग्न लागण्याआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. पूर्वी घोड्यावर जायचा. मग गावात डीजे आला, आणि एका लग्नात डीजेचा पहिला ठोका पडताच घोडा नवरदेवासकट उसात शिरला. नवरदेव सापडला, पण फेटा सापडला नाही, आणि फेटा शोधण्यात मुहूर्त गेला. तेव्हापासून गाडी.

“घोडं बिचकतं. गाडी बिचकत नाय,” हा आमच्या थोरल्या चुलतभावाचा सिद्धान्त. मी त्यांना दादा म्हणतो. ते एकेकाळी सरपंच होते. पद गेलं, पण चाल तशीच राहिली. अजूनही घरातल्या घरात पाणी प्यायला उठले तरी उद्घाटनाला निघाल्यासारखे उठतात.

गाडी भाड्याने का आणत नाही, असं मी त्यांना एकदा विचारून पाहिलं होतं. त्यांनी मलाच उलट विचारलं. “नवरदेव भाड्याच्या गाडीत बसला, तर लोक काय म्हनतील? भावकी मेली का याची?”

भावकी मेलेली नाही हे गावाला पटावं म्हणून माझा क्लच मरत आला आहे. नाचणाऱ्यांच्या मागे गाडी चालवायची नसते, सरकवायची असते. पायाखाली क्लच अर्धा दाबलेला, पुढे कुणाचा तरी आतेभाऊ रस्त्यावर आडवा पडून नागीण झालेला, मे महिन्याचं ऊन, आणि बॉनेटखालून जळक्याचा वास. मागे बसलेल्या नवरदेवाच्या अत्तरात तो वास मिसळला की जे तयार होतं, ते मी डोळे मिटूनही ओळखेन. आणि मी आजवर दादांना नाही म्हणालेलो नाही. लहानपणी त्यांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं, म्हणजे ढकललं. तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या तोंडून नकार निघत नाही. आता येत्या उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. गाडी सांगून झाली होती. विचारून नव्हे, सांगून.

त्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्याबरोबर माझा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातली खोट काढण्याचा त्याला पगार मिळतो. उरलेल्या वेळात तो ते फुकट करतो. गाड्यांचा त्याला नाद आहे. रविवारी सकाळी त्याच्यासारखीच काही मंडळी आपापल्या गाड्या घेऊन त्र्यंबक रोडला जातात, मिसळ खातात आणि परत येतात. याला ते ‘रन’ म्हणतात.

“दाजी,” तो म्हणाला, “गिअरबॉक्स उतरलाच आहे तर...”

घराच्या बाबतीत ‘भिंत फोडलीच आहे तर’ आणि गाडीच्या बाबतीत ‘गिअरबॉक्स उतरलाच आहे तर’. या दोन अर्धवट वाक्यांनी जितके संसार पोखरलेत, तितके दारूनेही नसतील.

“तर काय?”

“हलकं फ्लायव्हील टाकून घ्या.”

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेली जड लोखंडी चकती. मिस्त्रीने ती दाखवली. ज्यांनी जात्यावर दळताना पाहिलं आहे त्यांना ती समजावून सांगायला नको. जातं जड असतं म्हणून एकदा फिरायला लागलं की फिरत राहतं; हात क्षणभर थांबला तरी ते थांबत नाही. इंजिनाचंही तसंच. आतले स्फोट धडधड करत, तुटक होत असतात. जड चकती ते सगळं पोटात घालते आणि गाडी गुळगुळीत चालते. मेहुण्याचं म्हणणं असं, की हे पोटात घालणं म्हणजेच सुस्ती. चकती हलकी केली की पाय ठेवताच इंजिन उसळतं, पाय काढताच खाली येतं. “गाडी तुमच्याशी बोलायला लागते, दाजी.”

माझ्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. पण मी ऐकून घेतलं.

“ताकद वाढते का?” मी विचारलं.

“ताकद नाही. रिस्पॉन्स.”

“म्हणजे तेवढंच, पण लवकर.”

“तुम्हाला ते फील करावं लागेल.”

मी मिस्त्रीकडे वळलो. मिस्त्री हा अत्यंत लोकशाहीवादी माणूस आहे. समोर जो उभा असेल त्याचं त्याच्याकडे बहुमत असतं. मेहुण्याकडे बघून तो म्हणाला, “साहेब बरोबर सांगतात, एक नंबर होते गाडी.” माझ्याकडे बघून म्हणाला, “कंपनीने जे दिलंय ते विचार करूनच दिलंय.” मग दोघांच्या मधल्या हवेकडे बघून त्याने पुस्ती जोडली, “एक आहे फक्त. हलकं टाकलं की गाडी मुंगीच्या चालीने चालत नाही. धक्के देते, बंद पडते. वरातीला नाही चालायची मग.”

ही त्याच्या दृष्टीने धोक्याची सूचना होती. माझ्या कानावर मात्र ती ‘शुभमंगल सावधान’सारखी पडली.

वेग, रिस्पॉन्स, बोलणं, यातलं काही मला नको होतं. मला एक असा नकार हवा होता, जो मला स्वतःच्या तोंडाने द्यावा लागणार नाही. दादांसमोर मी उभं राहून म्हणणार, दादा, माझी फार इच्छा आहे हो, पण यंत्राचा नाइलाज आहे. पुण्याहून निम्म्या वजनाचं पोलादी फ्लायव्हील मागवता येतं, असं मेहुणा सांगत होता, आणि मी मनातल्या मनात ते बसवूनही टाकलं होतं.

तरी मी म्हणालो, एकदा चालवून बघतो. मेहुण्याने स्वतःच्या गाडीला ते बसवलेलं नव्हतं. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. त्याच्या रनवाल्या मित्राकडे तशी गाडी होती. ती मेहुणा संध्याकाळी घेऊन आला. गाडी खाली उभी असताना आतून बारीक खडखड ऐकू येत होती, डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखी.

“हे काय वाजतंय?”

“ते कॅरेक्टर आहे.”

रिकाम्या रस्त्यावर गाडी खरंच झकास होती, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवला की ती दचकून पळायची, आणि क्षणभर मलाही आपण कुणीतरी आहोत असं वाटून गेलं. मग मुंबई नाक्याचा सिग्नल आला. हिरवा झाला तसा मी क्लच सोडला, नेहमी सोडतो तसा, आणि गाडी जागच्या जागी मेली. पुन्हा चालू केली, पुन्हा मेली. तिला सुरुवातीला जास्त ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, असं मेहुणा सांगत होता, पण मागचे हॉर्न त्याच्यापेक्षा मोठ्याने सांगत होते. दिला, तर गाडी बेडकासारखी उडी मारून तिथेच परत बंद. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून माझे पांढरे केस पाहिले आणि अगदी मायेने विचारलं, “काका, नवीनच शिकताय का?”

मेहुणा खिडकीतून बाहेर पाहत राहिला. माझ्याशी त्याचा काही संबंध नसल्यासारखा.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने नकाशा काढल्यासारखे प्रश्न विचारले. चढावर उभी राहिली की काय होतं? बंद पडते. आपल्या बिल्डिंगच्या बेसमेंटचा चढ? तिथेही. गंगापूर रोडची सकाळची गर्दी? तिथे तर...

“बँकेत रोज गाडी कोण नेतं?”

“तू.”

“वर्षातून एक-दोन दिवस तिच्यात नवरदेव बसतो. बाकी सगळे दिवस मी बसते. एक दिवस ती वरातीत बंद पडावी म्हणून मी रोज बेसमेंटच्या चढावर बंद पाडायची?”

मी हाताशी होतं ते उत्तर देऊन पाहिलं. “सवय होते म्हणे.”

“सवय मला वरातीचीही झाली होती,” ती म्हणाली. “तुमच्या शेजारच्या सीटवर ताट धरून मीच बसलेली असते. तुम्हाला दादांना नाही म्हणायचं आहे ना? मग नाही म्हणा. त्यासाठी इंजिन कशाला उघडता?”

“मला नाही म्हणता येत.”

“ते माहीत आहे.”

जुनं, जड फ्लायव्हीलच राहू द्यायचं ठरलं. क्लच प्लेट तेवढी नवी. मिस्त्री फोनवर म्हणाला, “मीही तेच म्हणत होतो.”

पोळ्यांचं पीठ लागलेल्या हाताने बायकोने फोन घेतला आणि दादांच्या बायकोला, म्हणजे आपल्या थोरल्या जावेला लावला. लग्नाची तयारी, आहेर, आचारी, सगळं झालं. मग त्याच सुरात ती म्हणाली, “अहो वहिनी, एक सांगायचं राहिलं. गाडीचा क्लच गेला होता ना, तर यांनी आत हलकं चाक बसवून घेतलंय. हो, हौस. आता ती पळते छान, पण हळू अजिबात चालत नाही बघा. वरातीत बंदच पडेल. तुम्ही आधीच दुसरी बघितलेली बरी.”

फोन ठेवून तिने पोळी तव्यावर टाकली.

“आपण बसवलेलं नाही,” मी म्हणालो.

“गाडी उघडून कोण बघणार आहे?”

“तुझा भाऊ?”

“त्यालाही मी ‘बसवलं’ असंच सांगणार आहे. तो लग्नाला येणार आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही.”

मेहुणा पुढच्या आठवड्यात आला. पुण्याहून त्याच्याशिवाय मागवलं कसं, याचं त्याला जरा वाईट वाटलं, पण किल्ली हातात आल्यावर तो विसरला. आम्ही रिंग रोडला एक फेरी मारली. गाडीत बदललेलं होतं ते एवढंच, की नव्या प्लेटमुळे क्लच जरा वर पकडत होता. तो गंभीरपणे गिअर बदलत होता. मध्येच त्याने रेडिओ बंद केला.

“बघितलं?” तो म्हणाला. “पाय काढला की सुई कशी पडते. आधी कसं रबरासारखं होतं. दाजी, खोटं वाटेल, पण ही गाडी आता हसतेय.”

मी म्हणालो, मला खोटं वाटत नाही. जग विशेषज्ञांवर कसं चालतं ते त्या रिंग रोडवर मला जितकं समजलं, तितकं पुस्तकांत कधी समजलं नव्हतं.

दादांचा फोन आला नाही. मी सुटलो असं समजलो. लग्नाच्या दिवशी नवे कपडे घालून, आयुष्यात पहिल्यांदा निव्वळ पाहुणा म्हणून गावात शिरलो. गाडी शाळेच्या भिंतीला सावलीत लावणार, तोच दादा मांडवातून आले. डोक्यावर भगवा फेटा, गळ्यात उपरणं, मागे दोघंतिघं उगाचच.

“तिकडं कुठं? इकडं घे. फुलवाला खोळंबलाय.”

“दादा, वहिनींनी सांगितलं नाही का? ही आता हळू चालत नाही.”

“सांगितलं ना.”

“मग बंद पडेल ती.”

“बंदच ठेवायची,” दादा म्हणाले. “चालवायची कुनाला हाय? ढकलू.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या पदराचा काठ नीट करत होती.

अर्ध्या तासात गाडीवर झेंडूच्या माळा चढल्या. नवरदेव शेरवानीत येऊन मागे बसला, शेजारी त्याची करवली. बायको पुढे ताट घेऊन. मी स्टिअरिंगवर, किल्ली अर्धी फिरवलेली, गिअर न्यूट्रलमध्ये. पहिला हात लावण्याचा मान मामाचा, असं ऐन वेळी ठरलं. जो रिवाज कालपर्यंत अस्तित्वातच नव्हता, त्यातला मान कुणाचा यावरून थोडा वादही झाला. आत्याचे यजमान रुसून बाजूला उभे राहिले. त्यांना डावं टेललाइट देण्यात आलं. मग मित्रमंडळ लागलं, आणि आम्ही निघालो.

“नाशकात रामाचा रथ हातानं ओढत्यात,” दादा पुढे चालत कुणा पुढाऱ्याला सांगत होते. “आमच्याकडं ही पद्धत हाय.”

इंजिन बंद असलं की एसी बंद असतो. थोड्या वेळाने मागून नवरदेवाचा आवाज आला. “काका, एसी लावा ना.”

“इंजिन बंद आहे रे.”

“मग काचा तरी...”

“काचा उघड्याच आहेत. शूटिंगच्या ड्रोनला तू दिसायला पाहिजेस.”

आरशात त्याच्या कपाळावरची घामाची धार मुंडावळ्यांतून खाली उतरताना दिसत होती.

इंजिन बंद असलं की आणखीही दोन गोष्टी होतात. स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक लागेनासा होतो. देवळाआधी आमच्या गावात उतार आहे. उतार लागताच ढकलणाऱ्यांना आपल्या अंगात बळ आल्यासारखं वाटलं आणि त्यांनी जोर केला. पुढे डीजेचा टेम्पो, टेम्पोच्या मागे नागीण. मी ब्रेक दाबला. तो पायाखाली लाकडाच्या ओंडक्यासारखा. दोन्ही पायांनी दाबला. नागीण मोठी होत होती.

“चालू करा,” बायको म्हणाली.

“मग कळेल.”

“कळू द्या. तो माणूस मरेल.”

मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, ब्रेक लागला, गाडी नागिणीच्या पायापाशी थांबली. तिला काही कळलं नाही. पण मागून ढकलणाऱ्यांचे हात आता रिकामे झाले होते आणि सगळे बघत होते. आता थांबून राहणं जास्त संशयास्पद झालं असतं. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि माझी गाडी, तिच्या पोटातल्या त्या जुन्या जड चकतीच्या कृपेने, पाय न ठेवता, धक्का न देता, देवळापर्यंत इतक्या गोड चालीने गेली की बँडवाल्यांनाही ताल सापडला. मागून नवरदेव म्हणाला, “आता गार लागतंय.”

देवळापाशी दादा खिडकीशी आले. “चालती की रं.”

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो ते मला आजही माहीत नाही. पण माझ्या आधी मेहुणा पुढे झाला. गॉगल कपाळावर, हातात कोकमाचा ग्लास.

“दादा, उतार होता,” तो म्हणाला. “उतारावर हलकं फ्लायव्हील चालतं. चढावर नाही चालणार. मी चालवलीय ना ही गाडी, मला माहितीय. चढाला घातली तर लगेच बंद पडेल.”

दादांनी मान डोलावली. अंबडच्या कंपनीतला माणूस, त्यात क्वालिटीचा. “मग परतीला चढच हाय. ढकलू.”

दर्शन झालं. परत निघताना मी किल्ली बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून नवरदेव वाकून हळूच म्हणाला, “काका, चालूच ठेवा की. डीजेत कुणाला ऐकू येतंय? न्यूट्रलला ठेवा, ते ढकलतील. एसी तरी राहील.”

मी दादांच्या पाठीकडे पाहिलं. मग काचा वर केल्या; ड्रोनला कळेल तेव्हा कळेल.

असे आम्ही मांडवाकडे निघालो. इंजिन चालू, एसी चालू, धडधाकट गाडी, आणि मागून निम्मं गाव घामाघूम होऊन तिला चढावर ढकलतंय. आत्याचे यजमान रुसवा विसरून डाव्या टेललाइटला जीव लावून भिडले होते. मेहुणा बाजूने चालत त्यांना धक्का कुठे द्यावा ते शिकवत होता.

“उतरून सांगू का त्यांना?” मी बायकोला विचारलं. “बिचारे दमलेत.”

तिने ताटातलं निरांजन एसीच्या वाऱ्यापासून हाताने आडोसा करून धरलं होतं.

“क्लच वाचतोय ना?” ती म्हणाली. “मग सरळ बघून चालवा.”